नोरीनच्या चिठ्ठ्यांचा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पण मित्रांनो, माझी कहाणी गोड असेल अशा समजुतीनं ऐकायला बसू नका. माझ्यातली बिस्किटं केव्हाच संपली.

मेलबर्नच्या एका कारखान्यात पत्रा कापून, ठोकून मला घडवलं आणि झाकणावर गुलाब छापले. एका नाताळात मी ऑस्ट्रेलियाच्याच किंग बेटावर क्लाइव्ह आणि नोरीन पॅजेट या नवराबायकोच्या घरी आलो. चार दिवसांत त्यांनी माझा फडशा पाडला. क्लाइव्ह मला खिळे ठेवायला नेत होता, तेवढ्यात नोरीन म्हणाली, "ठेव तो खाली. माझ्या चिठ्ठ्यांना हवाय."

वादळ झालं की तिथल्या किनाऱ्यावर जाडजूड समुद्रशेवाळ येऊन पडतं. ते ट्रकनं ओढायचं, वाळवायचं आणि विकायचं, हा दोघांचा धंदा. शेवाळाचा बुंधा, म्हणजे खडकाला घट्ट धरून राहणारा गड्डा, सगळे फेकून देतात. नोरीन मात्र तो कोयत्यानं फोडून आत दडलेले जीव मोजायची, आणि तारीख, वारा, किनारा चिठ्ठीवर लिहून माझ्यात टाकायची. असं तिनं सतरा वर्षं केलं. त्यातल्या काही समुद्री गोगलगायी किंग बेटाच्या किनाऱ्यावर राहतच नाहीत, शेवाळाला धरून त्या दूरच्या बेटांवरून वाहत येतात, हे तिनं शोधून काढलं. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग तिनं निबंध लिहिला. शास्त्रीय नियतकालिकाच्या अर्जात 'संस्था' असा एक रकाना होता. तिनं खरं तेच लिहिलं : कोणतीही नाही. संगणक पुढे सरकेना.

"माझं नाव घाल की," क्लाइव्ह म्हणाला. "मी काय संस्थेपेक्षा कमी आहे? जुना, गळका आणि दुपारी बंद."

"गप रे. तू तरी त्यांच्या संस्थांच्या यादीत कुठे आहेस?"

शेवटी तिनं निबंध टपालानं धाडला. दोन ओळींचं उत्तर आलं : विद्यापीठातल्या कुणाला तरी सोबत घ्या. निबंध बरा की वाईट, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

म्हणून तिनं विद्यापीठातल्या डॉक्टर लेथब्रिजना बोलावलं. ते आले, शेवाळ पाहिलं, तिच्या हातचं भाजलेलं मटण दोनदा मागून खाल्लं.

"नोरीन, हे सोनं आहे! डबाच द्या मला. सहा महिन्यांत परत करतो."

"आणि माझं नाव?"

"अहो, नाव येणारच की!"

तिनं मला पुसून त्यांच्या हातात दिलं.

निबंध छापून आला. वर चार नावं होती, चारही विद्यापीठातली. तळाशी बारीक अक्षरांत 'स्थानिक रहिवाशांचे आभार' मानले होते. महिन्याभरानं तिचा फोन आला. डॉक्टर चहा ढवळत होते, म्हणून त्यांनी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. मी शेजारीच होतो.

"डॉक्टर, तो निबंध मला उघडताही येत नाही. संस्थेचा पासवर्ड मागतात. क्लाइव्हच्या भाचीनं नावं तेवढी वाचून दाखवली."

"पाठवतो ना मी तुम्हाला. हे पाहा, माझा नाइलाज होता. संस्थेशिवाय तुमचं नाव बसत नव्हतं."

"नाव बसत नव्हतं? मग माझी सतरा वर्षं कशी बसली हो?"

डॉक्टरांनी वर्ग आहे असं सांगून फोन ठेवला. त्या दिवशी कुठलाही वर्ग नव्हता. मला बोलता येत नाही याची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

चिठ्ठ्यांचे फोटो काढून झाले होते. त्या रद्दीत गेल्या आणि माझ्यात चहाच्या पिशव्या आल्या. विद्यार्थी म्हणतात, "मस्त डबा आहे, सर! कुठे मिळाला?" सर म्हणतात, "होता असाच कुठेतरी."

मागच्या हिवाळ्यात क्लाइव्हचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी घालून माझ्यात टाकलं आणि वर चहाचा नवा पुडा रिकामा केला.

मित्रांनो, उद्या तुम्ही शिकून मोठमोठ्या खुर्च्यांवर बसाल. तेव्हा दुसऱ्याचं काम हातात घेताना आधी त्याचं नाव लिहा, मग आपलं. रकान्यात बसत नसेल तर रकाना मोठा करा. आणि निदान आलेल्या पत्राला उत्तर तरी द्या. माझ्या तळाशी पडलेल्या पत्रात फार काही मागितलेलं नाही : "डबा परत पाठवा. परवा वादळ झालं, ढीगभर शेवाळ आलं, आणि नोरीननं एकही बुंधा फोडला नाही."