पिवळ्या विहिरीचं तीर्थ

विहिरीभोवती मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. महाराजांनी पिवळ्या पाण्याचा पेला उंच धरला, लिंबू पिळलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. पाणी नारिंगी झालं. गर्दीचे हात जोडले गेले.

"हा रोग जळतोय बरं का," महाराज म्हणाले. "अंगाला खड्डे पडतील. घाबरायचं नाही. आतली घाण बाहेर पडतेय."

घाण म्हणे! शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या आईच्या हातांना तसेच खोल खड्डे पडले होते. गुडघे बरे व्हावेत म्हणून ती रोज हे पाणी चोळायची. तिला इथे आणलं होतं बाईंच्या थोरल्या भावाने. नळांना क्रोमचा चकचकीत मुलामा देणाऱ्या शेजारच्या कारखान्यात तो देखरेखीला होता.

पाण्याचा रंग पाहून बाईंना शंका आली होती. त्या पुढे झाल्या, विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि शाळेतून आणलेलं व्हिनेगर ओतलं. मंत्र नाही, तंत्र नाही. पाणी नारिंगी झालं. मग घरून आणलेलं स्वच्छ पाणी त्यांनी महाराजांपुढे ठेवलं. महाराजांनी आढेवेढे घेतले, पण लोक हटेनात. लिंबू पिळून झालं, मंत्र दोनदा झाला. पाणी जसंच्या तसं.

"हे क्रोमचं विष आहे," बाई म्हणाल्या. "आंबट पडलं की पिवळ्याचं नारिंगी होतं. कातडी खातं. पोटात गेलं तर त्याहून वाईट."

"पण विहिरीत आलं कुठून?" एकाने विचारलं.

बाईंनी आईला धरून उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. तो नजर चुकवत होता.

"दादा, कारखान्याच्या सांडपाण्याची पिंपं प्रक्रिया केंद्रावर जातात म्हणालास ना?"

"विहिरीमागच्या दगडखाणीत ओततो, तिथून झिरपतं," तो खालमानेने म्हणाला. "मालकांचा हुकूम. पाणी पिवळं झालं, लोक विचारायला लागले, तेव्हा मालकांनी या महाराजांना आणलं."

"आणि आईला?"

"घरचं माणूस आलं की लोकांचा विश्वास बसतो."

आईने त्याचा आधाराचा हात बाजूला केला आणि लेकीचा दंड धरला. महाराज तेवढ्यात पसार झाले होते.

आता विहिरीला कुलूप आहे. दादाने अधिकाऱ्यांपुढे सगळं कबूल केलं, तरी आई त्याच्याशी बोलत नाही. हातांना पट्ट्या बांधून ती गावच्या बैठकीला मात्र गेली.

"पाण्याने रंग बदलला तर हात जोडू नका, तपासून घ्या," ती म्हणाली. "विष मंत्राने विरत नाही. ते बंद पिंपातून केंद्रावर पोचलं का, हे विचारा. विचारताना कुणाची भीड धरू नका. पोटच्या पोराचीसुद्धा."