माळेची तार

मी एका दोन इंजिनांच्या विमानाचं सुकाणू बोलतोय. शेपटीवर दारासारखी बिजागऱ्यांवर हलणारी उभी फळी असते ना, ती म्हणजे मी. आता मात्र बारामतीच्या धावपट्टीजवळच्या हँगरमध्ये, कोपऱ्यात जुन्या टायरांना टेकून उभा आहे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यातला. नव्या पोरांना उडायला शिकवण्यासाठी आमचं विमान इथं आलं. दोन इंजिनं असली की लोक निश्चिंत होतात. एक बंद पडलं तरी दुसरं आहेच. पण खरा धोका त्या दुसऱ्याकडूनच असतो. डावं बंद पडलं की उजवं एकटं ओढत सुटतं आणि विमानाचं नाक डावीकडे फिरवतं. तेव्हा वैमानिकानं उजवं पेडल दाबायचं, मी उजवीकडे वळायचं आणि नाक सरळ धरायचं. वेग फार उतरला तर माझ्यावर पुरेशी हवा येत नाही. मग चालू इंजिनच विमान उलथं पाडतं. त्या क्षणी पूर्ण वळता यावं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

हँगर सांभाळणारे दत्तोबा, सगळ्यांचे आबा, दसऱ्याला ट्रॅक्टरची करावी तशी आमची पूजा करत. कुंकवाची बोटं, नारळ, झेंडूची माळ. त्या वर्षी दोरा तुटतो म्हणून त्यांनी माळ बारीक तारेत ओवली आणि माझ्यावर चढवली. मला बरं वाटलं. एरवी शेपटीकडे कोण प्रेमानं बघतं?

उड्डाणाआधी आबांनी माळ ओढून काढली. फुलं निघाली. तारेचा तुकडा माझ्या बिजागरीत राहिला.

त्या दिवशी शिकायला होती जवळच्या कऱ्हाटी गावची श्रेया. मला हातानं दोन्ही बाजूंना हलवून बघायचा नियम आहे. तिनं हात पुढे केला तोच आबा म्हणाले, "पोरी, कुकू वलं हाय. पुसू नगं. आजच्या दिवशी काय व्हत न्हाय."

तिनं शिक्षकांकडे, इंद्रजित सरांकडे पाहिलं. ते हसले. "चल. मुहूर्त चुकला तर आबा आपल्याला प्रसाद देणार नाहीत."

पेडलंही शेवटपर्यंत दाबून बघायची असतात. घाईत ती अर्धीच दाबली गेली. अर्ध्यापर्यंत मी मोकळाच होतो.

धावपट्टी मागे पडली. खाली उसाची रानं. डावं इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. नाक डावीकडे वळू लागलं, डावा पंख खाली झुकला. श्रेयानं पाय रोवला. मी वळलो, अर्ध्यावर आलो, आणि तार अडली.

"दाब, अजून दाब."

"दाबतेय सर. पुढं जातच नाही."

सरांनी स्वतःचा पाय लावला. पेडल हललं नाही. वेग उतरत होता, पंख अजून झुकत होता. तेव्हा सरांनी चालू इंजिनाचा जोर काढून घेतला आणि नाक खाली केलं. विमान कसंबसं सरळ झालं आणि नांगरलेल्या रानात आदळलं. दोघं वाचले. श्रेयाचा उजवा पाय मोडला. मी उखडून पडलो आणि तार ढेकळांत गेली.

पेडल अडकलं होतं, असं सरांनी सगळ्यांना सांगितलं. पण कशानं, ते कुणालाच सापडलं नाही. मग गावात पारावर ठरलं की पोरीच्याच पायात जोर नव्हता. आता इमान उडवायचं सोडून कुकर धरावा, असंही कुणी म्हणालं. तिच्या पायाचं हाड जुळलं, हे बोलणं मात्र तिला अजून ठणकतं.

आज पुन्हा दसरा आहे. हँगरमध्ये नवं विमान उभं आहे. आबांनी पूजा उरकली, माळ ओढून काढली. त्या विमानाच्या सुकाणूच्या फटीत काहीतरी चमकतंय. इथून मला स्पष्ट दिसतंय.

श्रेया आली आहे. जरा लंगडत विमानाभोवती फिरतेय. शेपटीजवळ थांबली. हात वर केला.

"कुकू वलं हाय, पोरी," आबा म्हणाले.

तिचा हात हवेतच थांबलाय.

पोरी, पुसलं जाऊ दे कुंकू. आम्हाला पूजा नको. आम्हाला हलवून बघ.