सहाव्या फळ्यामागचं भोक

डोंगराच्या कुशीत गाव, गावाच्या कुशीत कुरण, आणि कुरणाच्या या टोकाला नेमबाजांची लाकडी खोली. त्या टोकाला, तीनशे मीटरवर, नेमाचे सहा लाकडी फळे. त्या फळ्यांखालच्या खंदकात वेरेनानं आयुष्याची बावीस वर्षं काढली. वरून गोळी जायची, ती फळा खाली ओढायची, भोक शोधायची, त्यावर कागदाची टिकली चिकटवायची, फळा वर ढकलायची आणि लाल तबकडीच्या काठीनं नेम कुठं लागला ते दाखवायची. नेम दुसऱ्यांचे, टिकल्या तिच्या.

गेल्या शरदात पाच फळ्यांना विजेची यंत्रं बसली. भोकं आता पडद्यावर उमटतात. सहावा फळा तेवढा जुन्या वळणाचा राहिला, आणि वेरेना अठ्ठावन्नाव्या वर्षी मोकळी झाली. तेव्हा गावातला जुना नेमबाज बाल्झ म्हणाला होता, "बावीस वर्षं आमची भोकं बुजवलीस, आता स्वतःची पाड. माझ्याकडं दोन रायफली आहेत. आवडेल ती तुझी."

म्हणून आज, शनिवारी दुपारी, खोलीतल्या टेबलावर दोन्ही रायफली मांडलेल्या. दोन्ही फौजी घराण्यातल्या, दोन्ही आता साध्या केलेल्या. चाप ओढला की एकच गोळी, पुढची आपोआप चढणार. एक जुनी, काळी, जाडजूड, तान्ह्या वासरासारखी जड. दुसरी नंतरची, हलकी, सडपातळ. पलीकडं चिटणीस डोरा नोंदीचा कागद घेऊन बसलेली. पुढच्या रविवारी मैदानी नेमबाजीचा सण. कोण कुठल्या रायफलीनं मारणार ते आज संध्याकाळपर्यंत लिहायचं होतं. वेरेनाला त्या सणात ठरावीक गुण गाठणाऱ्याला मिळणारं, पानांच्या चक्राचं पदक हवं होतं. एकच. एकदाच.

"हलकीच घे," बाल्झ म्हणाला. एकाहत्तर वर्षांचा, उजवा खांदा शस्त्रक्रियेनंतर जरा उतरलेला. "जड मला राहू दे."

"हलकी डावीकडं मारते म्हणायचास ना तू? भरवशाची नाही म्हणून कपाटात टाकलीस."

"दुरुस्त करून घेतली."

"कधी रे?" डोरानं मान वर केली.

"बायकांना सगळ्या तारखा लागतात!" म्हणत बाल्झनं टिकल्यांची डबी उचलली. "मी जातो खंदकात. आज तू मार, मी दाखवतो. दोन्हींच्या सहा-सहा गोळ्या."

"गुडघे सांभाळ, म्हाताऱ्या. ती शिडी मला ओळखते, तुला नाही."

खंदकातून फोन आला, लाल निशाण उतरलं. वेरेना पालथी झोपली. आधी हलकी. खांद्याला धक्का कसला, मांजरानं डोकं घासावं तेवढाच. पहिली गोळी गेली. फळा खाली गेला, आणि वर येईचना. वेरेना वाट बघत राहिली. कुरणातल्या गाईंच्या घंटा वाजून थांबल्या, तेव्हा कुठं तबकडी वर आली.

"शोधतोय बिचारा," डोरा हसली. "मसुराएवढं भोक. म्हाताऱ्या डोळ्यांना दिसायचं कसं?"

वेरेना हसली नाही. दुसरी गोळी, पुन्हा तीच वाट. सहा गोळ्यांचे चोपन्न गुण झाले. फोनवर बाल्झ ओरडला, "सगळ्या एका मुठीत मावतात गं!"

डावीकडं एकही नव्हती. वेरेनानं रायफल उलटून पाहिली. नेम धरायच्या दर्शकाच्या स्क्रूवर शस्त्रकारानं लावलेला तांबड्या रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता. जन्मापासून त्या स्क्रूला कुणी हात लावला नव्हता.

मग जड. तिनं खांद्याला ढुशी दिली. फळा खाली गेला आणि लगेच वर आला. वाटाण्याएवढं भोक, शोधायला कशाला लागतंय? पन्नास गुण.

पन्नास की चोपन्न, हे वेरेनाच्या ध्यानात नव्हतंच. तिला अकरा वर्षांपूर्वीचा सण आठवत होता. बाल्झची ही हलकी तेव्हा नवी होती. शेवटच्या गोळीला फळा खाली आला आणि वेरेनाला भोक दिसलं नाही. तिनं नेम हुकल्याची खूण हलवली. बाल्झचं पदक गेलं. संध्याकाळी कागद सोलताना जुन्या टिकलीच्या कडेशी, अर्धं तिच्याखाली, ते भोक सापडलं. अर्धी आलुबुखाऱ्याची, अर्धी बदामाची पाई घेऊन ती त्याच्या दारी गेली, पण जीभ उचलली नाही. "माझाच हात हलला," तो म्हणाला होता. पुढच्या शनिवारपासून तो पुन्हा जड घेऊन आला. डोळ्यांवर मोतीबिंदूचे ढग साचत होते, तरी वेरेनाला त्याचं एकही भोक नंतर चुकलं नाही. आपली नजर अजून शाबूत आहे, असं ती मनाला सांगत राहिली.

दिलेलं ओझं लगेच कळतं. कुणी गुपचूप उचललेलं ओझं कळायला अकरा वर्षं लागतात.

बाल्झ कुरण चढून धापा टाकत आला. "काय ठरलं? हलकीच ना?"

"त्या सणाला भोक होतं, बाल्झ. टिकलीखाली."

तो बाकावर टेकला. "ठाऊक आहे."

"कसं?"

"अगं, वाढदिवस नाही, लग्न नाही, आणि बाई अख्खी पाई घेऊन दारात! पाई गोड होती, तुझं तोंड कडू होतं."

"आणि मग मला भोक दिसावं म्हणून दुखऱ्या खांद्यानं जड उचलत राहिलास? माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही तीन वर्षं झाली की!"

"ऑपरेशननंतर लगेच रायफल बदलली असती तर तुला कळलं नसतं का?"

डोरानं उगीचच पेन झटकलं.

वेरेनाचा आवाज निघाला तो खंदकातून हाक मारायची तसा. "डोरा, लिही. वेरेना: जड. बाल्झ: हलकी."

"वेडी आहेस? चार गुण घालवशील. पदक हुकेल."

"हवंय मला पदक. जडनंच मिळालं तर घेईन. ही रायफल अकरा वर्षं तू माझ्यासाठी उचललीस, तिचं वजन आता माझ्या खांद्याला बरं वाटतंय." तिनं त्याच्या हातातली डबी काढून घेतली. "पालथा झोप आता. तुझ्या सहा बाकी आहेत. मी चालले खाली."

शिडीनं तिला ओळखलं. खंदकात ओली माती, लाकूड, खळीचा वास. सगळं होतं तसंच. तिनं फोन करून निशाण उतरवलं. वर चाबकासारखा बारीक आवाज सुटला. वेरेनानं फळा खाली ओढला. काळ्या वर्तुळाच्या उजव्या कडेला, काळ्यात काळं, मसुराएवढं भोक. पाहताक्षणी दिसलं.

तिनं त्यावर बोट ठेवलं. मग टिकली ओली करून नीट चिकटवली, फळा वर ढकलला आणि तबकडी उंच धरली, जरुरीपेक्षा बराच वेळ.