तिसगावच्या दोन भावांचं रक्त

मित्रांनो, नगरच्या एका छोट्या रक्ततपासणी केंद्रात टेबलाच्या कोपऱ्यात माझा मुक्काम आहे. मी सेंट्रीफ्यूज, म्हणजे नळीतलं रक्त गरागरा फिरवून त्यातलं पाणी वेगळं करणारं जुनं यंत्र. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो आणि १९९१ साली इथे आलो. डॉक्टर यशोधराबाई मला रोज स्वतः पुसत.

पाच वर्षांनी तिसगावचा पुंजाराम पोट फुगून आला. सोबत बायको मालनबाई आणि थोरला भाऊ सहादेव. सहादेवाच्या गळ्यात माळ. धाकटा चोरून पितो, अशी त्याची ठाम समजूत. त्याने पुंजारामाचं ताटसुद्धा वेगळं केलं होतं.

"सुई घाला अन् लिवरचा तुकडा काढून बघा. दारूच निघंल!" तो गुरगुरला.

"यांचं रक्त लवकर गोठत नाही. सुई घातली तर आतल्या आत वाहील," डॉक्टर म्हणाल्या. "लिव्हर किती कडक झालंय, याचा अंदाज रक्तावरूनच घेऊ. दारूचं त्यातून कळणार नाही. न पिणाऱ्याचंही लिव्हर कडक करणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, आहे का, तेही बघू."

मी फिरलो. लिव्हर पार कडक झालेलं आणि रक्तात हिपॅटायटिस बी! ती घरात एकाची दुसऱ्याला लागते, म्हणून डॉक्टरांनी मालनबाईसोबत सहादेवाचंही रक्त मागितलं. त्याने मिजाशीत बाही वर केली.

मालनबाईचं रक्त चांगलं होतं. सहादेवाच्या रक्तात मात्र तीच कावीळ निघाली. त्याचं लिव्हरही कडक होऊ लागलं होतं.

मालनबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आता तुमी कंची पिता, भावजी?"

"यंतरच खोटं हाय!" सहादेवाने माझ्यावर मूठ आपटली. झाकण चेपलं, नळ्या फुटल्या.

पुंजाराम त्याच उन्हाळ्यात गेला. सहादेव मात्र गावभर माझी निंदा करत राहिला. पोटच्या मुलींनाही त्याने तपासणीला पाठवलं नाही. तिकडचे लोक येत, माझ्याकडे बोट दाखवत आणि विचारत, "हेच का ते खोटारडं?"

मग एका सकाळी मालनबाई सहादेवाच्या दोन्ही मुलींना हाताला धरून घेऊन आली.

"त्या मानसाचं तोंड मला बघायचं न्हाई," ती तुटकपणे म्हणाली. "पन पोरींचं रक्त बघा."

दोघींचं रक्त चांगलं निघालं. डॉक्टरांनी लगेच लस टोचली. मुलींनी ते घरी सांगितलं. सहादेव स्वतःच्या उपचाराला मात्र अजून आलेला नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण आजारी माणसाला नावं ठेवण्याआधी त्याची तपासणी करा. आणि रक्ताने तुमचंच नाव घेतलं, तर त्याच्यावर हात उगारू नका.