हजाराव्या दिवशीचा काला

रिठदच्या सप्ताहात काल्याच्या लाह्या फोडायचा मान बावीस वर्षांपासून रंगूबाईचा होता. आदल्या दिवशी ज्वारीवर पाण्याचा हबका मारून ती फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी लोखंडी कढई तापवायची आणि मूठमूठ दाणे सोडायची. एकेका मुठीला विठ्ठलाचं नाव. नाव घेतलं की गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, कमी राहतात, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि रंगूबाईनं ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र तिच्या ओठांवर नाव देवाचं होतं आणि डोळ्यांपुढे तोंड प्रज्वलचं. ज्या तोंडानं तो बोलला, त्याच तोंडातून ते परत काढायचं, एवढा एकच ध्यास तिला जानेवारीपासून लागला होता.

प्रज्वल म्हणजे नानाजींचा मुलगा. नानाजी देवस्थानचे अध्यक्ष, चाळीस एकरांचे धनी, आणि सप्ताहाची शेवटची पंगत त्यांच्या घरची. प्रज्वल चार वर्षं पुण्यात राहून आला आणि फाट्यावर त्यानं व्यायामशाळा काढली. लांब पल्ल्याचं धावणाऱ्या पोरापोरींचा गटही केला. पोरं त्याला सर म्हणत. त्याचं म्हणणं असं, की माणूस शेती करायला लागला आणि तिथूनच बिघडला. आपले मूळ पूर्वज शिकार करत, कंद खात, दिवसभर हरणामागं पळत, त्यांना ज्वारी, गहू, डाळ ठाऊकच नव्हती. म्हणून धावणाऱ्यानं धान्याचा कण तोंडात घालू नये. अंडी, मटण, रताळी, खोबरं खावं, आणि वरून तो स्वतः विकायचा ती कंदाची भुकटी पाण्यात घालून प्यावी.

रंगूबाईनं हे ऐकलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की याच्या आज्याच्या घरात ज्वारीच्या चार कणग्या होत्या, मग याचा हा पूर्वज कोणत्या गावचा? आणि धान्य सोडायचं तर आपणही एकादशीला सोडतो, पण बारशीला उपास सुटतो. याची एकादशी सुटतच नाही.

व्यायामशाळेच्या दाराशी एक पाटी होती. तिच्यावर 'धान्याविना दिवस' असं रंगवलेलं आणि खाली खिळ्यांना आकड्यांच्या पत्र्याच्या चकत्या टांगलेल्या. रोज सकाळी प्रज्वल स्वतःच्या हातानं आकडा बदलायचा. फाट्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं तो आकडा पाहायची. हळूहळू पंचांगाऐवजी लोक तोच सांगू लागले, की सहाशे चाळिसाव्या दिवशी आमची म्हैस व्याली.

निकिता रंगूबाईच्या धाकट्या दिराची मुलगी. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून रंगूबाईच तिची मोठी माय. पोरगी लहानपणापासून पळायची. शाळेत पळत, शेतात पळत, दुकानातून गूळ आणायचा तरी पळत. बाविसाव्या वर्षी ती वाशिमच्या बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार होती. पहिल्या तीन मुलींना मोठ्या सराव केंद्रात जागा मिळणार होती. दसऱ्यापासून तिनं सरांचा आहार धरला. रंगूबाईनं कुरकुर केली, पण रताळी उकडली, अंडी उकडली, पोरीचं ताट वेगळं ठेवलं. दिवाळीत करंजी केली तीसुद्धा निकिताच्या नजरेआड खाल्ली.

जानेवारीत, शर्यतीच्या आदल्या दुपारी निकितानं सरांना फोन केला. रंगूबाई चुलीपाशी होती, तव्यावर भाकर होती, म्हणून सगळं तिच्या कानांवर पडलं. पोरगी विचारत होती, "सर, उभं राह्यलं का चक्कर येऊन राह्यली. अर्धी भाकर खाऊ का?" पलीकडून काय उत्तर आलं ते निकितानं फोन ठेवून सांगितलं. अर्धी खायची असेल तर उद्या माझ्या गटाचा सदरा घालू नको. रंगूबाईनं तव्यावरची भाकर उतरवली आणि झाकून ठेवली. पोरीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

एकतिसाव्या किलोमीटरला निकिता दुसऱ्या नंबरावर होती. तिथं तिचे पाय वाकडे पडू लागले आणि ती डांबरावर कोसळली. दवाखान्यात तीन सलाइनं लागली.

इथवर रंगूबाईनं सोसलं असतं. पण संध्याकाळी प्रज्वलनं मोबाइलवर आपलं भाषण टाकलं. त्यात तो म्हणाला, की आहारात खोट नाही, पाळणाऱ्यात होती. निकिता घरी लपून भाकर खात होती, घरची बाई तिला चारत होती, आणि चोरी शरीरात लपत नाही. गावानं ते पाहिलं, तालुक्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर कोणी तरी म्हणालं, भाकरचोर आली. मग ते नावच पडलं.

निकितानं बूट खुंटीला टांगले. आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं भाकरीला हात लावायचं कायमचं सोडलं. रंगूबाई हातापाया पडली, तर पोरगी म्हणाली, "आता खाल्ली तं तो बोलला ते खरं होईल, मोठी माय." तीन महिने झाले. केस गळत होते, गालांची हाडं वर आली होती, तरी पोरगी खोबऱ्याचा तुकडा चघळत भिंतीकडे तोंड करून बसायची. दुसऱ्यानं लावलेला डाग ती आपल्या पोटानं धूत होती.

मार्चमध्ये बादल आला. पलीकडच्या तांड्यावरचा हा पोरगा त्याच गटात धावायचा, आणि त्या शर्यतीत पुरुषांत तिसरा आला होता. त्याचा हसरा फोटो आता भुकटीच्या डब्यावर होता. अंगणात बसून मातीत रेघा ओढत त्यानं सांगितलं, "मोठी माय, म्या तं रोज दोन भाकरी हाणत होतो. माह्या मायनं सरायचं काही आयकलंच नाही." शर्यतीच्या दिवशीही तो पिठलं-भाकर खाऊन निघाला होता. रंगूबाईनं विचारलं, की हे चारचौघांत बोलशील का. बादल उठू लागला. सरांनी त्याला व्यायामशाळेत कामाला ठेवलं होतं, घरात मिळवता तो एकटाच. रंगूबाईनं त्याला चहा दिला आणि जाऊ दिलं. गरिबाच्या तोंडाचं कुलूप दुसऱ्यानं फोडू नये.

आता साक्षीदार उरला एकच, आणि तो म्हणजे खुद्द खोटं बोलणारा.

सप्ताह बसला. कीर्तनाला रामकिसन महाराज आले. आवाज असा, की टाळकरी टाळ वाजवायचं विसरून ऐकत राहावेत. रंगूबाई रोज पहिल्या रांगेत बसायची, नामावर डुलायची, डोळे पुसायची आणि घरी येताना पुन्हा प्रज्वलवर दात खायची. भक्ती आणि बदला दोन्ही तिच्या एकाच पदरात बांधलेले, आणि गाठ काही सुटत नव्हती.

पाचव्या दिवशी नानाजी स्वतः तिच्या दारी आले. ओशाळलेच होते. म्हणाले, गुडघ्यामुळे मला बसवत नाही, काल्याला यजमान म्हणून यंदा प्रज्वल बसेल. आणि योगायोग असा, की त्याच दिवशी त्याचे हजार दिवस पुरे होतात. भुकटी घेणारे व्यापारी वाशिमहून येतील, कीर्तन झालं की मांडवातच हजाराचा आकडा टांगायचा आहे. तेव्हा वहिनी, त्याच्यापुरता वेगळ्या वाटीत काला करा. दही, काकडी, खोबरं, डाळिंबाचे दाणे. लाह्या नको, पोहे नको.

रंगूबाई बरं म्हणाली.

त्याच दिवशी कीर्तन संपल्यावर ती महाराजांच्या पाया पडली आणि विचारलं, की काल्यातून एखादा जिन्नस वेचून काढला तर चालतं का. महाराज हसले. "मंग तो काला नाही राह्यत, माय. कोशिंबीर होते."

घरी येऊन तिनं देव्हाऱ्यापुढे हात जोडले. देवा, मी बदला घेणार आहे. पण तुझ्या दारात घेईन, सगळ्यांदेखत घेईन, कोणाच्या वाटीत चोरून दाणा टाकणार नाही. तुला पटत नसेल तर काल्याच्या सकाळी लाह्या फुटू देऊ नको.

लाह्या अशा फुटल्या, की परातीबाहेर सांडल्या.

काल्याच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी बसले होते. प्रज्वल रेशमी उपरणं घेऊन यजमानाच्या पाटावर बसला होता, शेजारी त्याची चांदीची वाटी झाकलेली. दाराशी हजाराची पितळी चकती घेऊन बादल उभा होता. महाराजांनी देवाच्या शिदोरीचं आख्यान लावलं. कोणाची ताजी भाकर, कोणाची शिळी, कोणाचं नुसतं आंबट ताक. देवानं सगळं एकत्र कालवलं आणि प्रत्येकाच्या तोंडात आपल्या हातानं घास घातला. म्हणून काल्याच्या दिवशी समोरून आलेल्या हाताला नाही म्हणायचं नाही, तो हात कोणाचाही असो. मांडवातल्या बायकांचे डोळे भरून आले. रंगूबाईचेही आले, अगदी खरे.

दहीहंडी फुटली, गजर झाला. पहिला घास यजमानाला आणि तो लाह्या फोडणाऱ्या बाईच्या हातचा, ही रिठदची रीत. रंगूबाईनं परातीतून मूठ भरली, पाटापुढे गेली आणि हात पुढे केला.

"घे, बापू."

प्रज्वलनं हसून वाटीवरचं झाकण काढलं. म्हणाला, काकू, माझं इथं आहे, यातलंच द्या.

"ते तुह्यं हाय. हे देवाचं हाय."

महाराजांपुढचा माइक हातभर अंतरावर होता. शब्द मांडवाबाहेरच्या कर्ण्यातून वेशीपर्यंत गेला. टाळ थांबले. व्यापारी पुढे झुकले. प्रज्वलनं आवाज खाली आणला, की काकू, आज हजारावा दिवस आहे, पाहुणे बसले आहेत, तुमच्या पाया पडतो.

रंगूबाईच्या बोटांतून दही गळत होतं. ती म्हणाली, "तुह्ये हजार दिवस मले मोडायचे नाही. निकितीनं शर्यतीच्या आधी भाकर खाल्ली होती का, तेवढं सांग. खरं सांगशील तं हात मांगं घेईन."

प्रज्वलनं दाराशी चमकणाऱ्या चकतीकडे पाहिलं. मग व्यापाऱ्यांकडे, मग बापाकडे. घास नाकारला तर गाव उठणार, घेतला तर हजार दिवस बुडणार. मधली वाट एकच होती, आणि ती त्याला स्वस्त वाटली.

"नव्हती खाल्ली," तो पुटपुटला.

"माइकात सांग."

"निकितानं भाकर खाल्ली नव्हती. तिनं इचारलं होतं. म्याच नाही म्हटलं."

 बायकांतून एक म्हातारी म्हणाली, अरे देवा. रंगूबाईनं हात मागं घेतला. शब्द दिला होता, तो पाळला. पण तिच्या जिवाला गारवा आला नाही, कारण समोर प्रज्वलनं सुटल्यासारखा श्वास सोडला होता आणि त्याचा हात चांदीच्या वाटीकडे चालला होता. पोरीचे तीन महिने त्यानं एका वाक्यात चुकते केले आणि आकडा तसाच राखला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं निकिता उठली. सदरा तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. लोकांनी आपसूक वाट दिली. तिनं मोठ्या मायच्या परातीत हात घातला, मूठ भरली आणि प्रज्वलच्या तोंडापुढे धरली.

प्रज्वल घाईनं म्हणाला, की काकूंनी शब्द दिला आहे.

"मोठ्या मायनं देल्ला," निकिता म्हणाली. "म्या नाही."

त्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराज विण्याची खुंटी पिळत खाली पाहत होते. मग मागून, खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या नानाजींचा आवाज आला. चढलेला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"प्रज्वल, तोंड उघड."

त्यानं उघडलं. निकितानं घास घातला आणि तो गिळेपर्यंत हात तसाच धरून उभी राहिली. एक लाही त्याच्या मिशीला चिकटून राहिली. घसा खालीवर झाला तेव्हा महाराजांनी गजर धरला आणि सगळा मांडव त्यात बुडाला. मग निकितानं तळव्यावर उरलेला काला आपल्याच तोंडात कोंबला. चावता चावता ती खाली बसली, पुन्हा परातीत हात घातला, पुन्हा खाल्लं. रंगूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दाराशी बादलनं चकती उपरण्यात गुंडाळली.

माणसं पंगतीकडे निघाली तशी रंगूबाई देवापुढे गेली. प्रसादाचं हत्यार केलं म्हणून माफी मागायची, असं ठरवून आली होती. हात जोडले, पण माफीचे शब्द काही येईनात. शेवटी तिनं देवाला एवढंच सांगितलं, की दही यंदा छान लागलं होतं. आणि पोरीला भाकर टाकायला घरी गेली.

दुसऱ्या सकाळी फाट्यावरच्या पाटीखाली नुसते खिळे होते. महिनाभरानं निकितानं खुंटीवरचे बूट काढले. पळायला शेताकडचा रस्ता जवळचा, सावलीचा आणि मऊ मातीचा होता. ती रोज फाट्यावरूनच जायची.