न सांगितलेला कप्पा

मित्रांनो, मला ना चाक आहे ना पाय, आणि तुम्ही मला कधी पाहिलेही नसेल. मी कंपायलर आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माणूस त्याला समजेल अशा भाषेत जे लिहितो, ते यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत उतरवून द्यायचे, हे माझे काम. एका छोट्या कारखान्यातल्या कोपऱ्यातल्या संगणकात मी राहतो. या कारखान्यात प्रेस मशीनच्या कंट्रोल पेट्या बनतात. प्रेस म्हणजे वरून दणकन खाली येणारा लोखंडी ठोकळा. त्याच्या खाली पत्रा असतो, आणि पत्रा सरकवायला माणसाचा हात. हात आत असला की समोरचा प्रकाशाचा किरण तुटतो, आणि पेटीने ठोकळा थांबवायचा असतो.

मला आक्कांनी घडवले. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअर. पेटी चालवणाऱ्या छोट्याशा चिपसाठी बाजारात धड कंपायलर मिळेना, म्हणून त्यांनी मला स्वतःच लिहिले. काम करताना स्वतःशी पुटपुटायची त्यांना सवय होती, त्यामुळे मला बरेच कळत गेले. शेजारच्या टेबलावर वहिनी बसत. पेटीतल्या तारांचे जोड सोल्डर करणे, म्हणजे वितळलेल्या कथलाने पक्के करणे, हे त्यांचे काम. वहिनींचे यजमान पत्र्याच्या कारखान्यात प्रेस चालवत, आणि त्या प्रेसवर पेटी आमचीच होती.

"माझ्या हातची पेटी आहे, म्हणून मी घरी निवांत असते," असे वहिनी म्हणायच्या.

चिपमध्ये थोडे कप्पे असतात. काम करताना लागणारे आकडे ती त्यांत ठेवते. मध्येच बाहेरून इशारा आला, की चिप हातातले काम सोडून आधी त्या इशाऱ्याचे काम उरकते. याला इंटरप्ट म्हणतात. परत येऊन ती अर्धवट काम पुढे सुरू करते, तेव्हा कप्प्यांतले आकडे जिथल्या तिथे असले पाहिजेत. ते बाजूला काढून ठेवायचे आणि शेवटी परत भरायचे, या आज्ञा मी घालतो.

पण काही ओळी माणसे थेट चिपच्या भाषेत लिहितात. तिला असेंब्ली म्हणतात. त्या ओळी मी वाचत नाही, जशाच्या तशा पुढे देतो. त्यांत कुठला कप्पा वापरला, हे लिहिणाऱ्याने मला खाली सांगायचे असते. माणूस विसरतो, हे आक्का जाणून होत्या. म्हणून त्यांनी मला एक नियम घालून दिला. "कुणी सांगायला विसरलं, तर सगळेच कप्पे काढून ठेव. वेळ गेला तर गेला."

अशी बरीच वर्षे गेली. पेट्या विकल्या जात होत्या, प्रेस थांबायच्या तेव्हा थांबत होत्या. माझे नाव कोणी घेत नसे, आणि ते बरेच होते. आमच्या धंद्यात नाव निघते ते काहीतरी बिघडल्यावरच.

मग आक्का निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा मुलगा बसला. पोरगा हुशार. शाळेत असल्यापासून माझ्यावरच शिकलेला. एक दिवस मालक त्याच्यापाशी येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक कुरकुर करतंय. दुसऱ्यांची पेटी आपल्यापेक्षा वेगात चालते म्हणे."

"आईचा एक नियम आहे," तो म्हणाला. "सगळं सामान काढायचं, सगळं परत ठेवायचं. सांगितलं तेवढंच ठेवलं, तर वेग वाढेल."

त्याने तो नियम माझ्यातून काढून टाकला. असेंब्लीच्या प्रत्येक तुकड्याखाली वापरलेले कप्पे लिहीत गेला. मन लावून लिहीत होता. एका तुकड्यापाशी कोणीतरी हाक मारली म्हणून उठला, आणि परत आल्यावर पुढच्या तुकड्याला लागला. पेटीची चाचणी झाली. वेग वाढला. मालकांनी त्याची पाठ थोपटली, आणि नव्या पेट्या जुन्यांच्या जागी बसू लागल्या.

काही महिन्यांनी दुपारी फोन वाजला. मालकांनी तो घेतला, ऐकला, आणि वहिनींकडे पाहिले. प्रेसखाली वहिनींच्या यजमानांच्या उजव्या हाताची बोटे गेली होती. अंगठा तेवढा उरला होता. वहिनी तशाच उठून गेल्या. त्यांची सोल्डरिंग गन तापलेलीच राहिली. नंतर कोणीतरी बंद केली.

ती पेटी परत आली. आक्कांच्या मुलाने ती टेबलावर पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. बोटे आड आली की प्रकाशाचा किरण तुटे आणि ब्रेक लागे. दरवेळी लागला. मग पेटी उघडली, तर आत एक जोड फिका दिसला, कच्चा राहिल्यासारखा.

"हाच असणार," मालक म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखे दिसले.

वहिनी इस्पितळातून रजा मागायला आल्या, तेव्हा त्यांना तो जोड दाखवण्यात आला. त्यांनी मान खाली घातली. माझा नव्हे, असे त्या म्हणू शकत नव्हत्या; सगळे जोड त्यांचेच होते.

आक्का आल्या त्या वहिनींच्या जोडाची चौकशी करायला. वहिनी त्यांच्या घरी गेल्या होत्या आणि रडल्या होत्या. "हे माझ्या हातचा घास घेत नाहीत, आक्का. बोलत काही नाहीत. तोंड फिरवतात."

आक्कांनी तो जोड भिंगातून पाहिला. चिमट्याने ओढला. "फिका आहे, पण पक्का आहे. आणि समजा सुटला, तर काय होईल? किरण तुटल्यासारखंच होईल. यंत्र थांबेल. मी तसंच करून ठेवलं होतं. तार सुटून यंत्र चालू कसं राहील?"

आक्का माझ्यासमोर बसल्या. मी उतरवलेले आकडे त्यांनी पडद्यावर काढले आणि एकेक आज्ञा वाचत गेल्या. एका तुकड्याशी त्या थांबल्या. प्रेसचे चाक किती फिरले ते मोजायला दर टप्प्याला एक इंटरप्ट येई. त्यातली असेंब्ली एक कप्पा वापरत होती, आणि तो वापरल्याचे मला कोणी सांगितलेच नव्हते. हात आत आहे, हा आकडा चिप त्याच कप्प्यात ठेवत असे. नेमका त्या क्षणी चाकाचा इशारा आला, तर तो आकडा पुसला जाई. चिप परत येऊन कप्पा बघे, आणि हात नाही असे समजे. एरवी सगळे सुरळीत. म्हणूनच टेबलावर काही सापडले नव्हते.

मुलगा त्यांच्या मागे उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई," तो हळूच म्हणाला, "हे मी आजच दुरुस्त करतो. पेट्या बदलून घेऊ. पण कोणाला सांगायचं कशाला?"

"त्या बाईला कोण सांगणार?"

"तिला पगार मिळेल. मालक काढणार नाहीत तिला."

"मी पगाराचं विचारलं नाही," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना आणि त्यांच्या यजमानांना बोलावून घेतले. यजमानांचा हात बँडेजमध्ये छातीशी धरलेला होता. आक्कांनी सगळे सोपे करून सांगितले, आणि हे लिहिणारा माझा मुलगा आहे, हेही सांगितले. मालक खिडकीतून बाहेर बघत राहिले.

मुलगा पुढे झाला. "दादा, चूक माझी आहे."

यजमानांनी वहिनींकडे पाहिले. "मला काय सांगतोस?" ते म्हणाले. "हिला सांग."

त्याला ते फार जड गेले. "वहिनी, तुमचा जोड पक्का होता," एवढेच तो म्हणाला. यजमान खाली बघत होते.

आक्कांनी जुना नियम माझ्यात परत घातला. ते त्यांचे माझ्यावरचे शेवटचे काम. मुलाने नोकरी सोडली, आणि घरही. आक्का इथे येत तेव्हा कोणी त्याचे नाव काढले, की त्या विषय बदलत. पुढे त्या यायच्याच थांबल्या.

पेट्या परत मागवल्या गेल्या. एक कारखाना म्हणाला, हातातली ऑर्डर संपू दे, मग देतो. तिथे पुढे काय झाले, ते इथे मोठ्याने कोणी बोलले नाही. त्या दिवशी मालक लवकर घरी गेले, एवढे मला आठवते.

आता इथे नवा कंपायलर आहे. जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीपुरती माझी गरज उरली आहे. मित्रांनो, मोठेपणी तुम्ही यंत्रे कराल. एखादा नियम जाचक वाटला, तर काढण्याआधी ज्याने घातला त्याला विचारा; तो हयात असेल तर. आणि दोष कोणाच्या हातावर ठेवण्याआधी सगळे तपासा, स्वतःचेही.

वहिनी अजून कामाला येतात. आता त्यांचा प्रत्येक जोड चकचकीत असतो. तरी त्या तो चिमट्याने ओढून बघतात, खाली ठेवतात, आणि पुन्हा उचलून ओढतात. पुढची पेटी खोळंबून राहते. तुम्ही कधी इथे आलात, तर त्यांना घाई करू नका.