दाराबाहेरचा भाऊ

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तेच तर आठवत नाहीये," थोरले बंधू म्हणाले.

प्लंबरने दारासमोर आडवी धरलेली काठी हलवली नाही. थोरले बंधू परीक्षा घेतायत असं त्याला वाटलं, आणि तसं वाटायला कारण होतं. पूर्वी एकदा ते खोटी मिशी लावून जिना चढून आले होते आणि "वीजमीटर बघायला आलोय" म्हणाले होते. मीटर खाली आहे, असं सांगून प्लंबरने त्यांना परत पाठवलं होतं. त्याबद्दल बंधुमंडळाच्या बैठकीत त्याचं अभिनंदन झालं. म्हणजे झालं असं त्याला मागाहून कळवण्यात आलं, कारण अभिनंदन दाराच्या आत झालं आणि तो बाहेर होता.

"कोण?" त्याने दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने विचारलं.

थोरल्या बंधूंनी कठडा धरला. त्यांच्या कपाळावर घाम होता. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावलेले हे दातांचे डॉक्टर आता स्वतःच्या तोंडात एक शब्द शोधत होते. पार अक्कलदाढेपर्यंत जाऊन आले, हाती काही लागलं नाही. मग सवयीने म्हणाले, "थंड लागलं की ठणकतं का?"

आता प्लंबरला कळलं. ही परीक्षा नव्हती.

उत्तर तसं सोपं होतं. 'कोण?' म्हटलं की म्हणायचं, 'भाऊ.' 'कोणाचा?' म्हटलं की म्हणायचं, 'जो विचारेल त्याचा.' एवढं म्हणणाऱ्याला दार उघडायचं. न म्हणणाऱ्याला तीनदा विचारायचं आणि परत पाठवायचं, मग तो कोणीही असो. त्याचं बंधुत्व तिथेच संपलं. हा नियम थोरल्या बंधूंनीच केलेला, तरुणपणी. म्हणजे आपण कधी काही विसरू अशी शंका माणसाला शिवत नाही त्या वयात.

बंधुमंडळ भरायचं गाद्यांच्या दुकानावरच्या खोलीत. एके काळी तिथे खुर्च्या कमी पडायच्या म्हणे. प्लंबर त्यात आला तो पाण्याच्या वाटेने. एका मंगळवारी तो बेसिनखाली डोकं घालून गळती काढत होता. तो आत आहे हे विसरून बंधूंनी दार लावलं आणि गुप्त बैठक सुरू केली. शेवटच्या शपथेला सगळे उभे राहिले तेव्हा बेसिनखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. आता गुप्त गोष्टी ऐकलेल्या माणसाचं करायचं काय? मारून टाकावं असं कोणाचंच मत पडेना, म्हणून त्याला सभासद करून घेतलं. शपथ घेताना त्याच्या हातात पाना होता. खरं तर त्याने काही ऐकलंच नव्हतं, पाइप गुडगुडत होता. पण त्याला सख्खा भाऊ नव्हता, आणि चुलत होते ते अगदीच चुलत होते. इतकी मोठमोठी माणसं एकदम भाऊ म्हणायला लागल्यावर तो कशाला खरं बोलतोय!

सर्वांत नव्या बंधूने दाराबाहेर राहून दार सांभाळायचं, पुढचा नवा येईपर्यंत, अशी तिथली रीत. पुढचा नवा आलाच नाही. जुने गेले, कोणी लेकाकडे, कोणी देवाकडे. प्लंबरचे केस पिकले, गुडघे वाजायला लागले, तरी मंडळात तो सर्वांत नवाच राहिला. आत नेमकं काय चालतं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. कधी हसू ऐकू यायचं. एकदा कोणीतरी रडलंही होतं. शपथेमुळे त्याला विचारता येत नव्हतं आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

"दाराबाहेर उभं राहायला मंडळ कशाला लागतं?" बायको म्हणायची. "मी घरीच उभं केलं असतं की. वर चहा दिला असता."

बायको बोलायची, पण दर मंगळवारी त्याच्या शर्टाला इस्त्रीही तीच करायची. कारण तिचं ऑपरेशन झालं त्या दिवशी थोरले बंधू आपला दवाखाना बंद ठेवून प्लंबरशेजारी बाकावर येऊन बसले होते. धीर द्यायच्या भानगडीत पडले नाहीत. दुपारी एवढंच म्हणाले, "पाय मोकळे करून या जरा. दार मी सांभाळतो." आणि ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक नर्सला त्यांनी 'कोण?' असं इतकं कडक विचारलं की शेवटी एकीने घाबरून स्वतःचं नाव सांगितलं.

आता तेच समोर उभे होते, आणि दोनदा विचारून झालं होतं.

सकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला होता. "काका, आज मलाच विचारत होते, आपण कोणाकडे आलात म्हणून. पण मंगळवार बरोबर लक्षात. उठल्यापासून बूट घालून बसलेत, जिन्यापर्यंत मी सोडते. घरातलं सगळं सुटलं हो त्यांचं, तुमचं मंडळ तेवढं सुटलं नाहीये." ती हसली. त्यापेक्षा रडली असती तर प्लंबरला बरं वाटलं असतं. पण मंडळ सुटलं नाही यावर विसंबूनच त्याला मघाशी ती परीक्षा वाटली होती.

तिसऱ्यांदा विचारलं की संपलं. प्लंबरने तिसऱ्यांदा विचारलंच नाही.

बराच वेळ कोणी आत येईना तेव्हा दार किलकिलं झालं. आधी बेकरीवाल्याचं पोट दिसलं, मग बेकरीवाला, मागे चिटणीस. मंडळात आता एवढेच उरले होते. चिटणीस शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि त्याची भरपाई इथे करत होते.

"काय खोळंबा आहे, प्लंबरबंधू?"

प्लंबरने मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना कळलं.

"अरे, मग घ्या की आत!" बेकरीवाला म्हणाला. "म्हातारा माणूस, जिन्यात चक्कर येऊन पडायचा."

"नियम आहे," चिटणीस म्हणाले.

"नियमाला घाला चुलीत. माझी भट्टी पेटलेलीच आहे."

"मी नाही केला तो नियम! ज्यांनी केला त्यांच्यासमोर मोडू?" चिटणिसांचा आवाज चिरकला. "त्यांना काय वाटेल?"

थोरले बंधू हे सगळं दुसऱ्या कोणाचं तरी चाललंय अशा अदबीने ऐकत होते. मग त्यांनी कोटाची बटणं नीट लावली. "नियम असेल तर राहू द्या," ते म्हणाले. "उगाच तुम्हाला त्रास झाला." आणि ते वळले. पण पायरी कुठल्या बाजूला आहे ते त्यांना समजेना, म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

प्लंबरला गळती शोधायचं शिक्षण मिळालेलं. भिंत न फोडता पाणी कुठून वळवता येईल हे तो आधी बघायचा.

"चिटणीसबंधू," तो म्हणाला, "दार कोणी सांभाळायचं?"

"सर्वांत नव्या बंधूने. हे काय विचारणं झालं?"

"आणि दारवाल्याला उत्तर कोण विचारतं?"

"कोणीच नाही. तो फक्त विचारतो."

"मग ज्याला मागचं काहीच आठवत नाही, तो माझ्यापेक्षा नवा नाही का झाला?"

चिटणिसांनी डोळे मिटले. नागरिकशास्त्राची अख्खी कारकीर्द त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुसायला फार वेळ लावला आणि म्हणाले, "बसतं. नियमात बसतं."

"बसणारच," बेकरीवाला म्हणाला आणि नाक शिंकरत आत गेला.

प्लंबरने थोरल्या बंधूंना हळूच वळवलं, आपल्या स्टुलावर बसवलं आणि काठी त्यांच्या हातात दिली. "डॉक्टर, हे दार तुमच्याकडे. येईल त्याला 'कोण?' म्हणून विचारायचं. तो 'भाऊ' म्हणाला की 'कोणाचा?' विचारायचं. 'जो विचारेल त्याचा' म्हणाला तरच सोडायचं."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तुम्हीच ठरवा. आता दार तुमचं."

थोरले बंधू ताठ झाले. काठी आडवी आली. "कोण?" त्यांनी लगेच प्लंबरला विचारलं.

प्लंबरला हे सगळ्यांच्या तोंडून पाठ होतं, पण स्वतःच्या तोंडाने त्याने ते कधीच म्हटलं नव्हतं. पहिला शब्द नीट आला. दुसरं उत्तर त्याला दोनदा म्हणावं लागलं. थोरल्या बंधूंनी ते दोन्ही वेळा लक्ष देऊन ऐकलं आणि काठी उचलली.

आत एक टेबल होतं आणि टेबलावर बेकरीतली मोडकी बिस्किटं. चिटणिसांनी मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचला. मागच्या बैठकीत त्याच्या मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचला होता. मग एकेकाने त्या आठवड्यात मनाला काय लागलं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. गुप्त होतं ते एवढंच.

चिटणीस म्हणाले, त्यांना एकट्याने जेवायचा कंटाळा येतो. बेकरीवाला म्हणाला, पोरगा बेकरी विकायची म्हणतो. मग दोघांनी प्लंबरकडे पाहिलं.

"मला इतकी वर्षं वाटायचं," प्लंबर म्हणाला, "आत काहीतरी मोठं असणार."

"आम्हालाही वाटायचं," बेकरीवाला म्हणाला. "एवढा माणूस बाहेर राखण करतोय म्हणजे असणारच."

 नियमाप्रमाणे यावर बोलायचं नव्हतं. तिघांनी बिस्किटं संपवली, शपथ म्हटली आणि दार उघडलं.

बाहेर थोरले बंधू चटकन उठले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू!" ते कुजबुजले. "आत बैठक चालू आहे."

"डॉक्टर, बैठक तर आत्ता..." चिटणीस सुरुवात करणार, तेवढ्यात बेकरीवाल्याने त्यांना कोपर मारलं. प्लंबरने आपल्यामागे दार आवाज न करता ओढून घेतलं.

"संपेपर्यंत बसा इथे," थोरल्या बंधूंनी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. तिघं एकाखाली एक बसले. प्लंबर खालच्या पायरीवर.

जिन्यात चपला वाजल्या. डॉक्टरांची लेक वर आली, वडील स्टुलाजवळ काठी घेऊन ताठ उभे असलेले बघून थबकली आणि प्लंबरकडे पाहून भुवया उंचावल्या.

"कोण?" थोरल्या बंधूंनी विचारलं.

"मी... बाबा, मी न्यायला आलेय तुम्हाला."

"मला जाता येणार नाही," ते समजुतीने म्हणाले. "आत माझे भाऊ आहेत. ते बाहेर आल्याशिवाय दार सोडता येत नाही. बसा तुम्हीही. थकून आल्यासारख्या दिसताय."

लेकीने बंद दाराकडे पाहिलं, मग पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या तिघांकडे. चिटणीस बुटाच्या नाडीकडे बघत होते. प्लंबर एका बाजूला सरकला. ती त्याच्या शेजारी बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

वर थोरल्या बंधूंनी दाराला कान लावला. रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिला होता. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि वाट पाहणाऱ्यांना हलक्या आवाजात सांगितलं,

"चांगलं चाललंय."